घरची कीर्द-खतावणी

मनुष्य आपली रोजनिशी एखादे वेळीं दुसऱ्यास वाचावयास देईल. परंतु आपल्या खर्चाची वही तो सहसा कोणाच्या हातीं देणार नाहीं. रोजनिशी लिहितांना आपणांस कोणीतरी पाहत आहे ही जाणीव लेखणीस असतेच, व म्हणून ती कितीहि प्रामाणिकपणें लिहिली तरी तिच्यांत थोडीशी वेषभूषा आल्यावांचून राहत नाहीं. खर्चाच्या वहींत वेषभूषेस जागा नसते. ‘वाचनाची मला अतोनात आवड आहे’ हें वाक्य रोजनिशींत फार शोभून दिसतें. पण त्याच महिन्याच्या वहींत ग्रंथांपुढें शून्य आणि उपाहारगृहांपुढें साडेचार हजार असा आंकडा पडलेला असला, तर त्या वाक्याचें पुढें काय होतें तें सांगावयास नको. बहुतेक मंडळी वही ठेवीतच नाहींत, व ठेवली तर ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यांत हरवते, याचें कारण आळस हें नव्हे असें आमचें मत आहे. स्वतःची खरी हकीकत स्वतःच्याच अक्षरांत वाचण्याची हौस फार थोड्यांस असते.

गेलीं तीन वर्षें आम्ही आमच्या घरची वही संगणकावर ठेवीत आहों. जिच्या साहाय्यानें ती ठेवितों तिला सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात. भाषाशुद्धीची चाड असणारी मंडळी तिला आज्ञावली म्हणतात. नांव मोठें अर्थपूर्ण आहे. मात्र आज्ञा आम्हीं तिला करावयाच्या कीं तिनें आम्हांला, याचा निकाल आमच्या घरीं अद्यापि लागलेला नाहीं. या तीन वर्षांत आम्ही धनवान् झालों नाहीं, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. म्हणजे त्या आशेनें पुढें वाचणाऱ्यांचा वेळ तरी वांचेल. परंतु घरांत पैसा कोठून येतो व कोठें जातो याचा शोध करितां करितां, ज्यांचा पैशाशीं कांहीं संबंध असेल असें कधीं मनांत आलें नव्हतें अशा कित्येक गोष्टींशीं गांठ पडली, व त्यांविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

हिशेब हा मराठी माणसास परका नव्हे. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, जमा, बाकी, शिल्लक हे शब्द आमच्या भाषेंत इतके मुरलेले आहेत कीं, त्यांतले कित्येक फारसी-अरबीच्या वाटेनें आले हें सांगितल्याशिवाय लक्षांतहि येत नाहीं. फडणीस हा शब्द तर हुद्द्यावरून आडनांव होऊन बसला. पेशवे दप्तरांतील निवडक कागद गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत ४५ खंडांत प्रसिद्ध केले. त्या दप्तराचे मूळ मोडी रुमाल पुण्यांत आजहि जपून ठेवलेले आहेत. घोड्याच्या चंदीपासून ब्राह्मणांच्या दक्षिणेपर्यंत रोजचा पैसा रोज लिहावयाचा, मग तो खात्यावर चढवावयाचा, आणि शेवटीं सर्वांची तेरीज काढावयाची, ही शिस्त त्या काळच्या कारकुनाच्या हाडींमांसीं खिळलेली होती. पुढें हीच पद्धति लहान होऊन मध्यमवर्गाच्या घरांत आली. आमच्या आजोबांची वही लांबट व अरुंद असे. रात्रीं जेवणें झालीं कीं ते ती घेऊन बसत, व वहींतील शिल्लक आणि खिशांतील नाणीं यांचा मेळ बसल्याशिवाय निजत नसत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १६ आणे आणि १९२ पै जाऊन १०० नवे पैसे आले, तरी त्या वहींत पुढें बरेच दिवस आण्यांचा रकाना कायम होता. सरकारनें नाणें बदललें म्हणून माणसाचें मनांतल्या मनांत बेरीज करणें बदलत नाहीं.

आजोबांच्या वहीस एक मोठी सोय होती, ती अशी कीं त्यांचा पैसा डोळ्यांस दिसत असे. पगाराच्या दिवशीं पाकीट फुगलेलें असे व वीस तारखेस तें रोडावलेलें असे. वही नसती तरी पाकिटानें आपलें काम केलेंच असतें. आतां पैसा दिसेनासा झाला आहे. २०१६ च्या एप्रिलांत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननें यूपीआय ही पद्धति सुरू केली. त्याच वर्षीं ८ नोव्हेंबरच्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. आणि पाहतां पाहतां चहाच्या टपरीवर, भाजीच्या हातगाडीवर, देवळाच्या दाराशीं काळ्या ठिपक्यांचें तें चौकोनी चित्र लटकूं लागलें. सोय झाली यांत संशय नाहीं. सुट्या पैशांवरून होणारी हुज्जत गेली, व सुट्यांच्या ऐवजीं वाण्याकडून मिळणारी गोळीहि गेली. परंतु दहा रुपये देतांना आणि दहा हजार देतांना बोटाची हालचाल एकच, हें कांहीं मनुष्यस्वभावास मानवण्यासारखें नाहीं. नोट हातावेगळी करितांना मनास जी बारीकशी चुटपुट लागे, ती फुकट मिळणारी कारभारीण होती. तिला आम्हीं सर्वांनीं एकदम रजा दिली, आणि तिच्या जागीं कोणास नेमावें हा विचार मागाहून करूं लागलों.

त्या जागेसाठीं उमेदवार मात्र पुष्कळ होते. दुहेरी नोंदीचा हिशेब ही विद्या फार जुनी. लुका पाचोली नांवाच्या इटालियन साधूनें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथांत ती सांगितली. तीहि स्वतःची म्हणून नव्हे, तर व्हेनिसचे व्यापारी जी पद्धति वापरीत ती म्हणून. घरासाठीं हिशेबाची छापील वही काढण्याची कल्पना जपानांत हानी मोतोको या पत्रकार बाईनें १९०४ सालीं अमलांत आणली. कुटुंबांसाठीं निघणाऱ्या मासिकाची ती संपादिका होती, हें सांगतांना आम्हांस थोडा अभिमान वाटतो. पुढें संगणक घरांत शिरला. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं व्हिजिकॅल्क नांवाचा आपोआप बेरजा करणारा तक्ता केला. १९८३ सालीं स्थापन झालेल्या इंट्युइट या कंपनीनें क्विकन नांवाची आज्ञावली विकावयास काढली. घरचीं बिलें भरण्याविषयीं पत्नीनें केलेली कुरकुर हें तिचें मूळ असल्याचें सांगतात. २००४ सालीं जेसी मेकम या अमेरिकन तरुणानें आपल्या संसारासाठीं केलेला तक्ता लोकांस विकण्यास आरंभ केला, व त्यांतून वाय-नॅब ही प्रसिद्ध आज्ञावली निघाली. हातीं असलेल्या प्रत्येक डॉलरास आधींच एखादें काम नेमून द्यावें, असें तिचें मुख्य सूत्र आहे. बेकार पैसा हा बेकार मनुष्याप्रमाणेंच वाईट संगतीस लागतो, हें आमच्या वडीलधाऱ्यांचें मत तिनें जणूं नियमांत बसविलें.

आम्हीं पसंत केली ती ग्नूकॅश. तिची पहिली पूर्ण आवृत्ति १९९८ सालीं निघाली. ती विनामूल्य मिळते, आणि तिची वही आपल्याच संगणकांत राहते. तिच्यांत पांच जातींचीं खातीं असतात: मालमत्ता, देणीं, भांडवल, उत्पन्न आणि खर्च. कोणतीहि नोंद एकटी करतां येत नाहीं. पैसा एका खात्यांतून निघाला तर दुसऱ्या कोणत्या तरी खात्यांत तो पोंचलाच पाहिजे. पन्नास रुपयांची कोथिंबीर-मिरची घेतली, तर बँकेंतून पन्नास गेले व भाजींत पन्नास आले. दोन्ही बाजू जुळल्या नाहींत तर ही बाई रागावत नाहीं, नोंद नाकारीत नाहीं. ती आपण होऊन ‘असमतोल’ या नांवाचें एक खातें उघडते व उरलेली रक्कम तेथें टाकून देते. आमच्या परिचयाच्या कित्येक घरांत हें खातें फार पुरातन आहे, फक्त त्यास कोणीं नांव दिलेलें नाहीं.

खात्यांस नांवें देणें हें काम वाटतें तितकें निरुपद्रवी नाहीं. पहिल्याच रविवारीं आम्ही व आमच्या सौभाग्यवती ताटें बाजूस सारून नांवें ठेवावयास बसलों, आणि बारशापेक्षां अधिक वाद झाला. दिवाळी अंक कोणत्या खात्यांत घालावयाचे? आम्हीं ‘शिक्षण’ म्हटलें, सौभाग्यवतींनीं ‘करमणूक’ म्हटलें, आणि ते अंक वर्षभर कपाटावर कसे पडून असतात याची आठवण करून दिली. पूजेच्या फुलांपुढें ‘इतर खर्च’ असें लिहिलेलें दिसतांच त्या म्हणाल्या, “अहो, देव काय ‘इतर’ होय?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं; देवाचें खातें निराळें झालें. चहा बाहेर घेतला तर ‘चैन’ व घरीं केला तर ‘किराणा’ हा न्याय कोणता? आमच्या सासुरवाडीस जातांना नेलेली मिठाई ‘भेट’ आणि आमच्या भावाकडे नेलेली ‘प्रवासखर्च’ हें कसें? अशा प्रश्नांचा निर्णय करितां करितां रात्रीचे अकरा वाजले. पण त्या रात्रीं आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसली. खात्याचें नांव म्हणजे निवाडा आहे. ज्या खर्चास आपण ‘आवश्यक’ म्हणतों तो दुसऱ्याच्या नजरेनें चैन असतो, आणि संसारांतलीं पैशावरून होणारीं भांडणें बहुतेक रकमेवरून होतच नाहींत, तीं या नांवांवरून होतात.

नांवें ठरल्यावर पुढचें पाऊल म्हणजे अंदाजपत्रक. येथें आम्हीं जुन्या गृहिणींच्या डब्यांची युक्ति उचलली. पूर्वी दुधाचे, भाड्याचे, वाण्याचे पैसे निरनिराळ्या डब्यांत वा पुडींत ठेवीत. संगणकावर बँकेच्या खात्याखालीं तशींच पोटखातीं काढतां येतात. मध्यमवर्गाचा घात रोजच्या खर्चानें होत नाहीं, तो वर्षांतून एकदां येणाऱ्या खर्चानें होतो. जून उजाडतो तो शाळेची फी घेऊन. भाद्रपदांत गणपति येतो, आश्विन सरतां सरतां दिवाळी. विम्याचा हप्ता नेमका तेव्हांच येऊन उभा राहतो. हे पाहुणे दर वर्षीं ठरल्या वेळीं येतात, तरी दर वर्षीं त्यांस पाहून आपण दचकतों! आम्हीं वार्षिक खर्चांची यादी केली: मुलीची फी ६०,०००, विमा २४,०००, सणवार १८,०००, स्कूटरची दुरुस्ती व विमा मिळून ६,०००, एकूण १,०८,०००. बारांनीं भागलें असतां महिन्यास ९,००० झाले. एवढी रक्कम पगाराच्या दिवशींच त्या त्या पोटखात्यांत निघून जाऊं लागली. उत्पन्न एका रुपयानें वाढलें नाहीं, खर्चहि फारसा कमी झाला नाहीं. परंतु जूनचा महिना इतर महिन्यांसारखाच एक महिना झाला. ज्या घरांत जूनच्या आगमनानें आवाज चढत असत त्या घरांत हा लाभ लहान नव्हे.

येथवरचें वाचून कोणास वाटेल कीं, सर्व व्यवहार उजेडांत आला म्हणजे संसार सुखाचा होतो. आमचा अनुभव याहून थोडा निराळा आहे. २०१६ च्या त्या नोव्हेंबरांत पुष्कळ घरांत एक विलक्षण देखावा दिसला. डाळीच्या डब्याच्या तळाशीं, रेशमी लुगड्याच्या घडींत, देव्हाऱ्याच्या खणांत वर्षानुवर्षें सांठविलेल्या पांचशेंच्या नोटा गृहिणींस बाहेर काढून घरच्या पुरुषांपुढें ठेवाव्या लागल्या. पुष्कळांनीं त्यावर विनोद केले. वास्तविक तो विनोदाचा विषय नव्हता. ज्या स्त्रीच्या नांवानें घरांत कांहींच नव्हतें, तिच्या हातीं अडीअडचणीस व माहेरच्या माणसासाठीं तेवढाच एक आधार होता, आणि तो गुप्त असण्यांतच त्याचा आधारपणा होता. आतां आमच्यासारख्या घरांत दोघेंहि मिळवितात हें खरें; पण म्हणून दोघांपैकीं कोणासच झांकलेला कोपरा नको असें होत नाहीं. सर्व कांहीं नोंदविणारी वही जर एकाच्या हातीं राहिली, तर ती वही न राहतां पहारा होते. दर शनिवारीं ‘हे तीनशें कशाचे?’ असें ज्या घरांत विचारलें जातें, त्या घरांतला हिशेब कितीहि चोख असो, तेथें राहूं नये असें वाटतें.

म्हणून आमच्या अंदाजपत्रकांत दोन खातीं अशीं आहेत कीं, त्यांत रक्कम जाते एवढेंच दिसतें. महिन्यास प्रत्येकीं पंधराशें रुपये. त्यांचें पुढें काय झालें तें कोणीं कोणास विचारावयाचें नाहीं. सौभाग्यवती त्या पैशांचें काय करितात हें आम्हांस ठाऊक नाहीं. त्यांच्या धाकट्या बहिणीची पोर शिकते आहे, एवढें ठाऊक आहे. आमच्या पंधराशेंचा मार्ग जुन्या ग्रंथांच्या दुकानावरून जातो, व तो त्यांस ठाऊक असावा असा आम्हांस संशय आहे. या दोन खात्यांनीं बाकीच्या सर्व खात्यांचा खरेपणा सांभाळला. मनुष्यास थोडें लपविण्याची मुभा दिली म्हणजे बाकीचें तो खरें सांगतो.

आतां एका अवघड खात्याची हकीकत. आमच्या एका बालस्नेह्याची नोकरी २०२० च्या टाळेबंदींत गेली. त्या वेळीं आम्हीं त्यांस चाळीस हजार रुपये दिले होते. टाळेबंदी उठली, त्यांस पुन्हा काम मिळालें, पण पूर्वीच्या निम्म्या पगाराचें. आणि चाळीस हजारांचा विषय दोघांपैकीं कोणींच काढला नाहीं. पुढें आम्ही ताळेबंद मांडावयास बसलों, तेव्हां ती रक्कम समोर येऊन उभी राहिली. आज्ञावलीच्या दृष्टीनें प्रश्न अगदीं साधा होता. पैसे परत यावयाचे असतील तर ती मालमत्ता. यावयाचे नसतील तर तो खर्च. तिसरी जात नाहीं. आम्हीं प्रथम तिला मालमत्तेंत, ‘येणें’ या सदराखालीं लिहिलें, आणि तेव्हांपासून संगणक उघडला कीं ज्याच्याबरोबर नदींत पोहावयास शिकलों त्याचें नांव ऋणको म्हणून दिसूं लागलें. तिकडे त्यांचेंहि आमच्याकडे येणें कमी झालें होतें. एका लग्नांत दुरून पाहून ते दुसऱ्या पंगतीस बसले. त्यांच्या मनांतहि एक वही होतीच, आणि तिच्यांत आमचें नांव धनको म्हणून लिहिलेलें होतें; चाळीस हजारांनीं दोन घरांतलीं जाण्यायेण्याचीं दारें बंद केलीं होतीं.

त्या वर्षाच्या मार्चअखेर आम्हीं दोघांनीं विचार करून ती रक्कम मालमत्तेंतून काढली व ‘स्नेह’ नांवाचें नवें खर्चखातें उघडून तेथें लिहिली. ताळेबंद चाळीस हजारांनीं उतरला. आम्हीं हें त्यांस कळविलें नाहीं. कळविलें असतें तर त्यांच्या माथीं आणखी एक देणें चढलें असतें. पण आमच्यापुरता हिशेब मिटला होता, व मनुष्याच्या चेहऱ्यावरून असा मिटलेला हिशेब दुसऱ्यास वाचतां येत असावा. दसऱ्यास आम्ही सहकुटुंब त्यांच्या घरीं सोनें द्यावयास गेलों. त्यांनीं आपट्याचीं पानें हातीं दिलीं, आणि पूर्वीच्याच सुरांत आमच्या वाढत्या पोटाची थट्टा केली. त्या सोन्याची नोंद कोणत्याहि खात्यांत नाहीं. मात्र ‘येणें’ हें सदर मिटवावें असें आमच्या मनांत जें आलें तें वहीमुळेंच. वही नसती तर ते चाळीस हजार दोघांच्याहि मनांत कुजत पडले असते.

अशी ही घरची इतकी आंतली गोष्ट लिहून ठेवावयाची, तर ती कोणाच्या घरीं ठेवावी याचाहि विचार केला पाहिजे. फुकट मिळणाऱ्या कित्येक आज्ञावली बँकेकडून मोबाईलवर येणारे संदेश वाचून आपण होऊन हिशेब लिहितात. श्रम वांचतात खरे, पण ज्याला आपण मोल देत नाहीं तो चाकर दुसऱ्या कोणाचें मीठ खात नसेल ना, हें पाहिलेलें बरें. रिझर्व्ह बँकेनें २०१६ सालीं ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ या संस्थांसाठीं नियम केले व २०२१ च्या सप्टेंबरांत ती व्यवस्था चालू झाली. तींत खातेदाराच्या संमतीवांचून माहिती हलत नाहीं, व मधला निरोप्या ती वाचूं शकत नाहीं. व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणाचा कायदाहि २०२३ सालीं झाला. ही तजवीज चांगली आहे. पण संमतीचा लांबलचक मजकूर न वाचतां ‘मान्य’ म्हणण्याची आपली संवय पाहिली, म्हणजे कुलूप उत्तम असून किल्ली दारालाच ठेवल्यासारखें होतें.

दुसरा विचार टिकाऊपणाचा. मायक्रोसॉफ्ट मनी १९९१ सालीं निघाली व २००९ सालीं तिची विक्री बंद झाली. अमेरिकेंत २००७ सालीं सुरू झालेली मिंट २००९ मध्यें इंट्युइटनें विकत घेतली, लाखों कुटुंबें तिच्यावर विसंबलीं, आणि २०२४ च्या मार्चांत ती बंद करण्यांत आली. ज्यांनीं आपल्या नोंदी वेळींच उतरवून घेतल्या त्यांच्या राहिल्या. पेशवाई १८१८ सालीं बुडाली, तरी तिच्या मोडी रुमालांतील हिशेब अभ्यासकास अजून वाचतां येतो. तेवढें आयुष्य आमच्या वहीस नको, पण मुलीस वाचतां येईल इतकें तरी असावें. म्हणून दर मार्चअखेर आम्ही वर्षाची तेरीज कागदावर छापून घेतों व आजोबांच्या वह्यांशेजारीं ठेवितों. पाडव्यास त्या कागदांवर हळदकुंकूं पडतें. संगणकावरहि चिमूटभर टाकण्याचा सौभाग्यवतींचा आग्रह असतो. तो आम्ही कळफलक झांकून मान्य करितों.

‘मातोश्री: औषधपाणी’ हें आमच्या वहींतलें एक खातें. पहिल्या वर्षीं त्यांत महिन्यास दोन-अडीच हजार पडत. दुसऱ्या वर्षाच्या उत्तरार्धांत आंकडा वाढत गेला. त्यांत रात्रीच्या परिचारिकेचा पगार आला, प्राणवायूचें यंत्र भाड्यानें आलें. मग एका महिन्यांत मोठी रक्कम, व पुढच्या महिन्यापासून शून्य. अंदाजपत्रकांत मात्र तें खातें दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आपली ठरलेली रक्कम मागत राहिलें. यंत्रास सुतक नसतें. कांहीं महिन्यांनीं तें खातें काढून टाकावें म्हणून आम्हीं आज्ञा दिली, तेव्हां आज्ञावलीनें नियमाप्रमाणें विचारलें कीं, या खात्यांतील नोंदी दुसऱ्या खात्यांत हलवावयाच्या, कीं पुसून टाकावयाच्या? आम्ही बराच वेळ त्या दोन पर्यायांकडे पाहत बसलों. दुसरें खातें तें कोणतें असणार? आणि पुसावयाचें तें काय? शेवटीं आम्हीं दोन्ही नाकारलें, व खातें नुसतें नजरेआड ठेवण्याची जी सोय आहे ती वापरली.

त्या निमित्तानें आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. आम्हीं मातोश्रींसाठीं केलेल्या खर्चाची नोंद रुपयापर्यंत आहे. त्यांनीं आमच्यासाठीं जें वेंचलें त्याची ओळहि कोठें नाहीं. पहांटेचें उठणें, आजारपणांतलीं जागरणें, स्वतःच्या लुगड्यास लागलेलें ठिगळ हें आजोबांच्या वहींत नव्हतें, कारण त्यास पैसा पडत नव्हता. दुहेरी नोंदीचें शास्त्र म्हणतें कीं, एका बाजूस जमा झालें तर दुसऱ्या बाजूस कोणीतरी दिलेलें असतेंच. त्या न्यायानें पाहिलें तर आमच्या सबंध आयुष्याची एक बाजू कोऱ्या कागदावर आहे. आजहि घरांत सौभाग्यवती नोकरी सांभाळून जें करितात त्याचें खातें नाहीं. तें उघडावें असें आम्हीं एकदां सुचविलें. त्या म्हणाल्या, “खातें नको; भांडीं घासा.” तेव्हांपासून रात्रींचीं भांडीं आमच्याकडे आहेत.

पैसा कोठें गेला हें वही सांगते, व तें सांगण्यांत ती कोणाची भीड धरीत नाहीं. तो तेथें जावा कीं न जावा, हें तिला विचारून उपयोग नाहीं. ज्यांनीं मिळविला आणि ज्यांच्यासाठीं मिळविला, त्यांनींच महिन्याच्या शेवटीं एकत्र बसून तें ठरवावयाचें असतें. ज्या वाचकांस ही वही सुरू करण्याची इच्छा होईल त्यांस एवढेंच सांगणें कीं, रोज रात्रीं दहा मिनिटें पुरतात. नांवें ठेवण्याच्या दिवशीं मात्र दोघांनींहि हजर असावें, आणि त्या रात्रीं दुसरें कांहीं काम काढूं नये.